दोन लालांमधला धवळा

नंदुरबारच्या रेल्वे फाटकापलीकडे पटेलांची जिन होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवाळी सरली की तापीकाठच्या गाड्या तिच्या आवारात कापूस ओतायच्या, आणि सातपुड्याच्या वाटांनी माणसं उतरायची. कापसाचे ढीग उघड्यावर पडायचे, तान्ही पोरं बाभळीला टांगलेल्या झोळ्यांत पडायची, आणि त्यांच्या आया आत चरख्यांपुढे बसायच्या. चरखी कापूस गिळायची. इकडून रुई, तिकडून सरकी. दिवसभर तिला भरवायचं. पोरांना मात्र पालट झाली की भरवायचं.

पालट म्हणजे मालाची अदलाबदल. देशी कापूस संपून लांब धाग्याचा लागला, किंवा लांब धाग्याचा संपून देशी, की उखा इंजिनवाला पट्टा खाली पाडून चरख्या थांबवायचा. एकाची सरकी दुसऱ्यात मिसळली तर बियाणं बाटतं, म्हणून फरशी झाडायची, फिटरनं प्रत्येक चरखीची सुरी नव्यानं लावायची. तोवर बायका मोकळ्या. पदर सावरत बाभळीकडे धावायच्या, झोळीतलं पोर छातीला लावायच्या. नाकातोंडात रुई, भुवयांवर रुई. पोरांना वाटत असावं, आपल्या आया पांढऱ्याच असतात.

ही पालट कधी येणार ते बायकांना आधी कळायचं. जिनघराच्या मोठ्या दारालगत, आतून आणि आवारातून दिसेल असा, एक फळा होता. त्यावर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांवर पत्रे. एका ढिगाला एक पत्रा. देशीला लाल, लांब धाग्याच्याला धवळा. डावीकडचा ढीग संपला की मुकादम सुकलाल तो पत्रा काढायचा आणि बाकीचे सरकवायचा. पत्र्यांवर मालकांची नावंही होती, पण ती वाचणारी बाई त्या जिनीत नव्हती. त्या रंग वाचायच्या. लालाशेजारी लाल, म्हणजे बसून राहा. लालाशेजारी धवळा, म्हणजे दूध येऊ द्या. ज्याची गाडी आधी त्याचा ढीग आधी, असा सुकलालचा शिरस्ता. त्यामुळे फळा गोधडीसारखा लालधवळा असायचा. कुणीतरी त्या फळ्यावर ओवीही बांधली होती:

लाल मांगे लाल उना, दूध पदरमा आटनं
धवया मन्हा मायबाप, पोर पोटशी भेटनं

मोतीबाई तोरणमाळच्या अंगाची. जिनीचा तिचा दुसरा हंगाम. नवरा जामसिंग स्टेशनावर रुईच्या गासड्या चढवायचा. पहिल्या हंगामात ती पोटुशी होती. या हंगामात तिच्याबरोबर बुधी होती, बुधवारी जन्मली म्हणून बुधी. हाडानं बारीक, पण ओढून प्यायची, आणि पिताना आईच्या गळ्यातले मणी मुठीत धरून ठेवायची.

झोळ्या सांभाळायला नानीबाई होती. खाली बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून बसायची, हातात सगळ्या झोळ्यांच्या दोऱ्या. एक ओढली की सगळ्या हलायच्या. तिच्या कमरेला डबी होती, आणि डबीत अफूच्या गोळ्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. लाल पत्र्यांची रांग लांबली आणि पोरं भुकेनं कोकलायला लागली की नानीबाई बोटाच्या टोकावर गोळी घ्यायची आणि जिभेवर टेकवायची. पोर निजायचं. ही रीत जिनीइतकीच जुनी होती आणि कुणाला तिच्यात वावगं वाटत नव्हतं.

मोतीबाईला वाटायचं. तिच्या थोरल्या बहिणीचं पोर असंच निजलं होतं.

"नानीबाई, मन्ही पोरले गोयी देवानी नही," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

"का वं? मन्ही डबीमा काय इख शे का? ह्या हातखाले निम्मं गाव वाढनं."

"वाढनं व्हई. मन्ही बहीनना पोऱ्या नही वाढना."

बाकीच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आमी काय पोरंस्न्या वैरी शेतस का? तुन्हीच एक माय!"

"मन्हं दूध शे ना," मोतीबाई ताठ मानेनं म्हणाली. "ज्यासनं नसंल, त्यासनी आफू पाजवानी."

हे बोलणं बायकांना लागलं. त्यांनी ते विसरायचं नाही असं ठरवलं, आणि मोतीबाईनंही.

संक्रांतीच्या सुमाराला जिनीच्या मालकाचा, पटेल शेटजींचा पुतण्या चुनीलाल अहमदाबादेहून आला. तिथल्या गिरणीत तो काम शिकला होता. स्वभावानं वाईट नव्हता. बायकांना दमात घेत नसे, फिटरला अहोजाहो करी. आल्या दिवशी त्यानं फळ्यासमोर उभं राहून पुष्कळ वेळ पाहिलं आणि सुकलालला हाक मारली.

"मुकादम, हे काय मांडलंय? एक लाल, एक पांढरा, दोन लाल, परत पांढरा?"

"ज्यानी गाडी पहिली, त्याना ढीग पहिला, शेट. बापजादापासून असंच शे."

"आणि दर वेळी पट्टा खाली! एक पालट म्हणजे एक गासडी मेली समजा. मुंबईची ऑर्डर आहे, स्टेशनावर वाघिणी उभ्या राहतात. लाल सगळे एका बाजूला घ्या, पांढरे एका बाजूला. लाल संपेपर्यंत इंजिन थांबायचं नाही. बरोबर ने?"

हिशेबानं ते बरोबरच होतं. सुकलालला त्यात चूक सापडेना. त्यानं पत्रे काढले आणि लावले: आधी लालांची एक लांब रांग, तिच्या टोकाला धवळ्यांची. दुपारी भाकरीची सुट्टी होती तेवढी उरली. सकाळची पालट गेली, दुपारनंतरची गेली.

गासड्या वाढल्या. चुनीलालनं आनंदानं गूळ-शेंगदाणे वाटले. बायकांनी ते पदरात घेतले आणि फळ्याकडे पाहिलं. एका टोकापासून पाहावं तर नुसतं रक्त वाहतंय असं वाटे.

ऊन कलतं झालं की मोतीबाईची चोळी भिजायला लागे. दूध यायचं आणि रुईच्या थरात सुकून जायचं. चरख्यांच्या घरघरीत बाहेरचं रडणं ऐकू येत नसे, तरी तिला ऐकू यायचं. हात कापूस लोटत असायचे आणि मान दाराकडे असायची. संध्याकाळी ती झोळीपाशी जायची तेव्हा बुधीचा आवाज बसलेला असायचा. रडून रडून पोर छाती तोंडात धरायलाही थकलेली. नानीबाई म्हणायची, "मले नको बोलू. तूच सांगं व्हतं. बाकीना निजतस, तुन्ही चिमनी कोयडी पडस."

दोन-चार दिवस असे गेल्यावर मोतीबाईनं भाकरीच्या सुट्टीत सुकलालला गाठलं. तो पायरीवर बसून विडी वळत होता.

"दादा, दोन लालमा एक धवया टांगी दे ना."

"टांगी देसू! तुन्हा बापनी जिन शे का वं?"

"मन्हा बापनी ऱ्हाती, ते तुले मुकादम कसाले ठेवती?"

सुकलाल हसला. जवळ बसलेला उखाही हसला. मोतीबाई हसली नाही.

"माल कोठे शे, पोरी? धवयाना ढीग शेवटले शे."

"माल काय करना? नुसता पत्रा. उखादादा पत्रा दखीसन पट्टा पाडस. तेवढामा मी पाजी लिसू. पोर सुकी चालनी, दादा. मन्ही एक पोर शे."

सुकलालला स्वतःला मूल नव्हतं. विडी विझली तरी तो ती ओढत राहिला. मग उखाकडे पाहून म्हणाला, "काय भो?"

"मले काय! पत्रा धवया, ते पट्टा खाले. मन्हं काम रंग दखानं."

दुसऱ्या दिवशी लालांच्या रांगेत मधोमध एक धवळा पत्रा आला. कोरा, बिननावाचा. त्याच्यापर्यंत पोचल्यावर उखानं पट्टा पाडला. फिटरनं डोकं खाजवलं आणि चरख्यांना तेल घातलं. बायका धावल्या. मोतीबाईनं बुधीला उचललं तेव्हा पोरीनं मणी पकडले आणि ओढून प्याली. सुकलालनं पत्रा काढून खिशात ठेवला. पुढच्या सकाळी पुन्हा टांगला. ज्या बायका मोतीबाईला टोमणे मारत होत्या त्यांनीही पोरं छातीला लावली, आणि त्या दिवसांत नानीबाईची डबी फार वेळा उघडली नाही.

नानीबाईला हे कळत होतं. एकदा तिनं विचारलं, "आनि कधी धवया नहीच उना ते? तुन्ही पोर दिनभर कोयडी ऱ्हाई. तव्हय?"

मोतीबाई विचारात पडली. कोरड्या पोरीचा बसलेला आवाज तिनं ऐकला होता. मग तिनं नाइलाजानं सांगितलं, "फयावर धवया दिसना नही, ते दे. एवढीशी. धवया ऱ्हायना ते मुळीच नको."

ठरलं ते असं. शब्दांत नव्हे, रंगात ठरलं.

मग तो दिवस आला. भिंतीभिंतीवर मतदानाची चित्रं रंगली होती, बाजारात मिरच्यांच्या पथाऱ्या वाळत होत्या आणि वारा सुटला की सगळी जिन शिंकायची. आदल्या संध्याकाळी तापीकाठच्या एका बड्या शेतकऱ्याचा देशी कापूस येऊन पडला होता. ढीग कसला, टेकडीच. सकाळी सुकलालनं पत्रे लावले. नियमानं धवळा मध्येच होता, पण त्याच्या अलीकडे त्या टेकडीचा लाल पत्रा होता.

मोतीबाईनं फळा पाहिला, मग आवारातला ढीग पाहिला. एवढा संपून धवळा यायला ऊन उतरेल, हे तिला कळलं. बुधीला रात्रीपासून कणकण होती. एकसारखी किरकिर चालली होती. अशी पोर इतका वेळ रडली तर?

कोपीत जामसिंगच्या बंडीत अफूचा तुकडा असे. गासड्या उचलून कंबर धरली की तो जिभेखाली ठेवायचा. मोतीबाईनं नखानं त्याचा कण काढला. तो कण नखात धरून ती बराच वेळ बसली. बहिणीचं पोर तिला आठवलं. पण ती अख्खी गोळी होती, हा तर कण, असं तिनं मनाला समजावलं. धवळ्यापर्यंत पुरेल एवढाच. दूध पाजून तिनं तो बुधीच्या जिभेवर पुसला.

झोळीत घालताना नानीबाई म्हणाली, "आज लवकर निजनी वं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ओठावर आलंही. पण शेजारी त्याच बायका झोळ्या बांधत होत्या, ज्यांना ती बोलली होती. "ज्यासनं नसंल दूध." त्या कान देऊन होत्या असं तिला वाटलं.

"रातले निजनी नव्हती," ती म्हणाली आणि आत गेली.

चरख्या फिरायला लागल्या. आत नेहमीसारखं गाणं चालू झालं. आवाज पोचत नसे. ओठांवरून ओळखून प्रत्येकीनं म्हणायचं:

चरखी फिरे घरघर, रुई उडनी आभायमा
थांब थांब इंजिनदादा, पोर रडस झोयीमा

ऊन चढल्यावर चुनीलाल आवारात आला. मुंबईची तार आली होती, त्या ढिगाच्या गासड्या किती दिवसांत निघतील ते त्याला पाहायचं होतं. तो फळ्यासमोर थांबला. बोट फिरवत एकेक नाव वाचत गेला. धवळ्यापाशी बोट अडलं.

"मुकादम, हा कोणाचा माल? नाव नाही, ढीग नाही."

सुकलाल पुढे झाला. "चुकीसन टांगाई गया व्हई, शेट."

"रोज चुकून? उखा म्हणतो रोज इथं पट्टा पडतो." चुनीलाल रागावला नाही. त्यानं पत्रा खिळ्यावरून काढला, उलटसुलट पाहिला आणि दूर धवळ्यांच्या रांगेत, अगदी शेवटी नेऊन टांगला. "आपली ऑर्डर अडते, मुकादम. असं करू नका."

तो गेला. सुकलाल दारात उभा राहिला. आत जाऊन मोतीबाईला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण त्या घरघरीत कानाशी ओरडावं लागलं असतं, आणि चुनीलाल अजून आवारातच होता. भाकरीच्या सुट्टीत सांगू, तो मनाशी म्हणाला. सुट्टीला चुनीलालनं त्याला मालाचं वजन पाहायला स्टेशनावर पाठवलं. सुट्टीत मोतीबाई झोळीपाशी आली. बुधी गाढ होती, गाल गरम. छाती ओठांना लावली तर दोन घोट घेऊन तोंड ढिलं पडलं. कण अजून आहे, तिनं ओळखलं. धवळ्याला पोटभर पाजू, मनाशी म्हणाली. नानीबाई नळावर पाणी आणायला गेली होती. दोघींची भेट झाली नाही. परत जाताना मोतीबाईनं फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी पाहिला तोच फळा तिच्या मनात होता.

नानीबाई परत येऊन बसली. उन्हाची तिरीप फळ्यावर पडली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. लाल, लाल, लाल. मध्ये धवळा नाही. झोळीत बुधी कुणकुणली.

"उठनी का वं चिमनी? आज धवया नही शे. माय नही येवाव आते." नानीबाईनं डबी उघडली. कबूल केल्याप्रमाणं लहानातली लहान गोळी शोधली, तीही नखानं अर्धी केली. जिभेवर टेकवली. दोरी ओढली. सगळ्या झोळ्या हलल्या.

आत मोतीबाई वाट पाहत होती. टेकडी उतरत होती. आता होईल, आता पट्टा पडेल. चोळी भिजली, सुकली, पुन्हा भिजली. पट्टा पडला नाही. तिनं मान वळवून फळा पाहिला तेव्हा दारात सूर्य समोर आला होता आणि सगळेच पत्रे काळे दिसत होते.

संध्याकाळी इंजिन थांबलं. ती धावली. झोळीत हात घातला तेव्हा बुधी ऊन होती, म्हणून आधी तिला काही कळलं नाही. पोरीला छातीशी धरून ती म्हणाली, "घे वं माय, घे." मणी पोरीच्या मुठीत दिले. मूठ मिटली नाही.

"नानीबाई, ही उठी का नही ऱ्हायनी?"

"निजनी शे. अर्धीच दिन्ही, तुन्हीच आन. धवया नव्हता ना आज."

मोतीबाईनं फळ्याकडे पाहिलं. मग नानीबाईकडे. "मीबी दिन्ही व्हती," ती म्हणाली. इतकं हळू की नानीबाईला पुन्हा विचारावं लागलं. आणि विचारताना म्हातारीच्या हातून सगळ्या दोऱ्या सुटल्या.

बायकांनी कांदा फोडून नाकाला लावला. तळपायावर टिचक्या मारल्या. तोंडावर पाणी मारलं. जामसिंग स्टेशनावरून पळत आला तोवर सगळं थांबलं होतं. टोमणे मारणाऱ्या बायकांपैकी एकीनं स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून पोरीला गुंडाळलं. नाल्याच्या काठी, बोरीच्या झुडपाखाली त्यांनी बुधीला पुरलं आणि वर दगड ठेवले.

चुनीलालला दुसऱ्या दिवशी कळलं. तो खरोखर हादरला. सुकलालनं पडल्या आवाजात पत्र्याची सगळी हकीकत सांगितली, आणि चुनीलाल कपाळाला हात लावून ऐकत राहिला. मग त्यानं विचार केला, आणि त्याला दिसलं ते असं: बायका फळा पाहून पोरांना अफू देतात. फळा कामाचा आहे. तो त्यांनी पाहायचं कारणच नाही. त्यानं तो फळा दारावरून उतरवून ऑफिसात, आपल्या खुर्चीमागं लावला.

आता ढीग कधी संपेल, रंग कधी पालटेल, कुणालाच कळेना. पट्टा मध्येच पडला तर पडला. आया धास्तावल्या, आणि धास्तीनं सकाळीच नानीबाईला सांगायला लागल्या: दे. नानीबाईनं डबी नाल्यात फेकायला नेली होती. पण बायकांनी तिच्या हातून ती घेतली, स्वतःच गोळ्या दिल्या आणि डबी तिच्या पुढ्यात ठेवून आत गेल्या. म्हातारी दोऱ्या धरून बसायची. डबीकडे पाहायची नाही.

जामसिंग म्हणाला, डोंगरात परत जाऊ. मोतीबाई म्हणाली, हंगाम सरू दे. डोंगरात काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. ती चरखीपुढे जाऊन बसली. हात कापूस लोटायचे. दूध मात्र आटलं नाही. ते आटावं म्हणून बायकांनी छातीला मोगऱ्याची फुलं बांधायला सांगितलं, कोबीची पानं सांगितली. दूध यायचंच, वेळेवर, ऊन कलतं झालं की.

अशाच एका दुपारी, चरख्या फिरत असताना, ती उठली. पट्टा चालू असताना त्या जिनीत कधी कुणी उठलं नव्हतं. तिची चरखी कोरडी फिरायला लागली आणि लाकडाचा करकर आवाज झाला. सुकलालनं पाहिलं. त्यानं हाक मारली नाही.

मोतीबाई बाभळीखाली आली. सगळ्या झोळ्या निश्चल. एकही पोर रडत नव्हतं. भर दुपारी, इतक्या भुकेल्या पोरांत, एकही नाही. तिनं पहिल्या झोळीतलं पोर काढलं आणि छातीला लावलं. त्याचं तोंड बुधीसारखंच ढिलं होतं. दूध ओठांवरून गळ्यात ओघळलं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, पाठीत थोपटलं, तळपायावर टिचकी मारली, मडक्यातलं पाणी तोंडावर शिंपडलं. "उठ. उठ रे दादा. निजू नको."

"काय करी ऱ्हायनी वं?" नानीबाईनं विचारलं. "रडतीन ते सगळा."

"रडू दे."

ती थांबली नाही. पोरानं कपाळाला आठी घातली, तोंड वाकडं केलं आणि बारीकसा टाहो फोडला. मोतीबाईनं त्याला छातीला लावलं. पोर ओढायला लागलं, आधी थांबून थांबून, मग जोरानं. तिचे डोळे मिटले, पण क्षणभरच. पोराला नानीबाईच्या मांडीवर देऊन ती दुसऱ्या झोळीकडे वळली. ते पोर जड होतं, उठता उठेना. तिनं त्याला उभं धरलं, हलवलं, त्याच्या आईच्या नावानं हाक मारली. बऱ्याच वेळानं तेही रडलं. मग तिसरं.

आत चरख्यांच्या घरघरीत ते रडणं ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी आतल्या बायकांच्या चोळ्या भिजायला लागल्या, आणि एकेकीची मान दाराकडे वळली. हात कापूस लोटतच होते. इंजिन चालूच होतं. ऑफिसाच्या दारात चुनीलाल येऊन उभा राहिला.

मोतीबाईनं तिकडे पाहिलं नाही. पुढच्या झोळीतलं पोर काही केल्या डोळे उघडत नव्हतं. तिनं पुन्हा पाणी घेतलं. अजून पुष्कळ झोळ्या राहिल्या होत्या.